अळी पडली की कळवा

आमच्या कॉलेजात कुठंही केळ्यावर चिलट दिसलं की बोलावणं मला यायचं. स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला, चिलट उडालं, बोलवा मावशींना. कॅन्टीनमध्ये रसाच्या ग्लासाभोवती दोन चिलटं फिरली, बोलवा मावशींना. एकदा तर सिद्राम शिपाई मुठीत माशी धरून आला. चांगली हरभऱ्याएवढी घरमाशी. म्हणाला, "मावशी, तुमची एक सुटली हुती बगा. मारली न्हाय, धरून आनली."

मी म्हटलं, "ही माझी नाही जी. माझी हिच्या डोक्याएवढी असते."

"मग आता हिचं काय करू?"

हे तो मला विचारत होता.

अशीच सगळी नोकरी गेली. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माश्यांचा स्वयंपाक करत होते. कागदावर 'मदतनीस' असं लिहिलेलं, पण काम स्वयंपाकिणीचं, दाईचं आणि पहारेकऱ्याचं. माझा नवरा म्हणायचा, "लोक नोकरीवर जाऊन माश्या मारतात, आमची बायको जगवते." पहिल्यांदा मीही हसले. मग तो हाच विनोद प्रत्येक पाहुण्यासमोर करू लागला आणि पाहुणे चहा पिता पिता माझ्या हातांकडं बघू लागले.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. तळी आणि धानाची बांधी यांच्यामधलं आमचं गाव. शाळा सातवीत सुटली. सासर विणकरांचं. तिकडचे माग थंडावले तेव्हा नवरा इथं टॉवेलच्या कारखान्यात लागला आणि त्याच्यामागून मी आले. आल्या आल्या तोंड उघडायची भीती वाटायची. मी "का"च्या जागी "काहून" म्हटलं की दुकानदार आतल्या माणसाला बोलावून म्हणायचा, "ह्यास्नी परत बोलायला लाव." कॉलेजच्या वसतिगृहाच्या खानावळीत मला भात-भाजीचं काम मिळालं. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मॅडम तिथं कधीकधी जेवायच्या. त्यांनी एक दिवस मला विचारलं, "एवढ्या मोठ्या पातेल्यातला शिरा तुमच्याकडून कधी बुडाला कसा लागत नाही?" मला वाटलं, काहीतरी तक्रार आहे. मी म्हटलं, "पुन्हा होणार नाही, मॅडम." त्या हसत सुटल्या. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या प्रयोगशाळेत. सातवी पास बाईला त्यांनी भिंगाखाली बघायला शिकवलं, हे उपकार मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाहीत. पण त्या माश्यांनी मला जो वैताग दिला, तोही विसरता येणार नाही.

माश्यांचा स्वयंपाक म्हणजे मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट बसावं म्हणून अगर. अगर म्हणजे समुद्री शेवाळाची भुकटी, त्याने खीर वडीसारखी थिजते. हे सगळं ढवळत शिजवायचं, जरा निवलं की बुरशी येऊ नये म्हणून आम्ल घालायचं, गरम असतानाच बाटल्यांत ओतायचं आणि तोंडाला कापसाचा बोळा. गुठळी राहिली तर माशी तिथं अडकून मरते. पातळ झालं तर बुडून मरते. जास्त सुकलं तर अंडी घालत नाही. एवढे नखरे मी जावयाचेही पुरवले नाहीत.

लोक विचारतात, माश्याच का? मॅडमचं उत्तर मी पाठ केलेलं आहे. माशीच्या आणि माणसाच्या शरीरात आईबापांकडून गुण उतरण्याची रीत एकच आहे. माणसाचं नातवंड बघायला निम्मं आयुष्य जातं. माशीचं नातवंड महिन्याच्या आत अंगावर उडतं. डोळ्याचा रंग, पंखाची घडी, एखादा आजार पिढ्यान्‌पिढ्या कसा जातो, हे तिच्यात लवकर दिसतं. आमच्याकडं लाल डोळ्यांच्या, पांढऱ्या डोळ्यांच्या, वळलेल्या पंखांच्या, बिनपंखांच्या अशा कितीतरी माश्या होत्या. त्यांना आम्ही वाण म्हणायचो, शेतकरी ज्वारीला म्हणतात तसं. एका वाणाची माशी दुसऱ्यात गेली की दोन्ही वाण बाद.

जोड्या लावायच्या तर मादी नराच्या वाऱ्यालाही न गेलेली लागते, कारण एकदा भेट झाली की ती ते बीज बरेच दिवस जपते. अशा माद्यांना शास्त्रात इंग्रजी शब्द आहे, तो पोरांसमोर माझ्या तोंडातून निघेना. कोषातून नुकती निघालेली मादी फिकट असते आणि तिच्या पोटात काळा ठिपका दिसतो. मी त्यांना 'कोऱ्या' म्हणायला लागले. नवरा कारखान्यातून आणायचा त्या न धुतलेल्या टॉवेलासारख्या. पुढं मॅडमही म्हणू लागल्या, "मावशी, आज कोऱ्या किती?"

सिद्रामबद्दल एक सांगितलंच पाहिजे. एकदा अगर संपलं. मी कामात होते, म्हणून त्याला बाजारात पाठवलं आणि दोनदा सांगितलं, अगर आण. तो अगरबत्ती घेऊन आला. मी डोक्याला हात लावला. त्याला वाईट वाटलं, आणि आणलेली वस्तू वाया कशाला घालवायची म्हणून त्याने माझ्या पाठीमागं, माश्यांच्या मांडणीशेजारी, देवाच्या फोटोसमोर चार उदबत्त्या लावल्या. मी वळून बघितलं तेव्हा वरच्या ओळीतल्या बाटल्यांमध्ये माश्या पाय वर करून पडल्या होत्या.

"देवाला लावली," तो म्हणाला. "देवाला काय झालं न्हाय."

पण मला सांगायचं आहे ते अबोलीबद्दल.

नाझनीन ही मॅडमची संशोधन करणारी विद्यार्थिनी. सोलापूरचीच, वडील टेम्पो चालवतात. घरातली कॉलेजात पोचलेली पहिली मुलगी. एक दिवस लाल डोळ्यांच्या माश्या निवडताना ती थांबली आणि मला म्हणाली, "मावशी, इकडं या. हा रंग कोणता हो?" भिंगाखाली एक नर होता, डोळे लाल नाहीत, नारिंगीही नाहीत. मी म्हटलं, "अबोली." तेच नाव पडलं. त्या एका नरापासून तिने वाण उभा केला. असा डोळा आमच्याकडं आपोआप उपजला होता, कुठून मागवलेला नव्हता. तिचा सगळा अभ्यास त्यावर. जवळजवळ संपलाही होता, एक शेवटची जोडी लावायची बाकी होती. अबोली गेली असती तर ती पुन्हा आणायला जगात दुसरं दुकान नव्हतं.

नियम असा की प्रत्येक वाणाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. इन्क्युबेटर म्हणजे फ्रिजसारखं कपाट, पण आत पंचवीस अंश. आमचा जुना इन्क्युबेटर होळीलाच गेला होता आणि नव्याची फाइल कुठल्यातरी टेबलावर होती. दुसरा मे महिन्यात गेला. सोलापूरचा मे. दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. भिंतीवरचा एसी नुसता वारा फेकत होता. पुण्याचा मेकॅनिक रोज फोनवर "उद्या निघतो" म्हणत होता. कॉलेजला सुट्टी, मॅडम परीक्षेच्या कामाला परगावी. राहिलो नाझनीन, मी आणि सिद्राम.

आम्ही बाटल्या ओल्या वाळूच्या माठात ठेवल्या. माश्या मेल्या नाहीत. मला वाटलं, वाचलो. पण दोन-तीन दिवसांनी नाझनीन भिंगावरून डोकं वर उचलेना. म्हणाली, "मावशी, अंडी आहेत. फुटत नाहीयेत."

मॅडमनी फोनवर समजावलं. फार उष्म्यात नर जगतो, उडतो, संसारही करतो, पण त्याचं बीज निकामी होतं. थंडाव्यात ठेवला तर काही नर सावरतात. काहीच. आणि आता असलेल्या माश्या म्हाताऱ्या होऊन मरायच्या आत सावरले पाहिजेत, कारण मागून नवी पिढी येत नव्हती. रात्रंदिवस थंड राहणारी जागा शोधा, म्हणाल्या.

नाझनीनच्या घरावर पत्रे. माझ्याही. मी कुंभारीला अण्णांच्या आवारात भाड्याने राहते. अण्णांची सांगोल्याकडं डाळिंबाची बाग, आणि आवारातच माल निवडायची, पॅकिंगची थंड खोली. मला ती पहिल्याच क्षणी आठवली, पण विचारायला धजेना, कारण अण्णांना इतकी वर्षं मी एवढंच सांगितलं होतं की कॉलेजात स्वयंपाक करते.

नाझनीनला घेऊन गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. तिने अगदी व्यवस्थित सुरुवात केली, "अण्णा, फळमाशीच्या एका दुर्मीळ वाणासाठी आम्हाला काही दिवस..."

"कसली माशी?"

"फळमाशी."

अण्णा उठून उभे राहिले आणि आत ओरडले, "आगं, पॅकिंगचं दार लाव. आदी दार लाव." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुमी माज्या घरात ऱ्हाऊन फळमाशी पाळताय व्हय? एका फळात अळी घावली तर आख्खी गाडी परत येती, ठावं हाय का?"

माझी भाड्याची खोली जाणार, हे मी मनात मान्य करून टाकलं. म्हटलं, "ती नाही जी अण्णा. तुमची ती मोठी, पिवळी, गांधीलमाशीवाणी. चांगल्या फळाला टोचते. ही नासक्या फळावर फिरते, बारीक."

"नासक्यावर फिरती ती चिलटं."

"चिलटंच जी."

"मग चिलटं म्हना की. फळमाशी, फळमाशी काय लावलंय. जीव गेला हुता माजा."

नाझनीनचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांचा अभ्यास ओट्यावर बसल्या बसल्या चिलटावर आला होता. पण ती हळूच म्हणाली, "ही मेली तर माझं सगळं काम मेलं, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. म्हणाले, "पॅकिंगमधी चिलटबी न्हाय घेनार. ते काय जमायचं न्हाय. पन माज्या खोलीत एसी हाय, इन्व्हर्टरबी हाय."

आतून काकू, अण्णांच्या बायको, म्हणाल्या, "आनि आमी कुटं झोपायचं?"

"गच्चीवर. आदी झोपत हुतो की."

"आदी एसी नव्हता."

तर अबोली अण्णांच्या खोलीत गेली. काकूंच्या पावडरच्या डब्याशेजारी बाटल्यांची रांग. गुळाचा आणि यीस्टचा आंबूस वास भरला, काकू नाकाला पदर लावून साडी काढायला जायच्या. मला बघायला फक्त संध्याकाळी परवानगी होती, दिवसा काकूंकडं बायका यायच्या आणि त्यांना हे दाखवायचं नव्हतं. निघताना नाझनीनने अण्णांना तीनच गोष्टी सांगितल्या. बोळा काढायचा नाही. एसी बंद करायचा नाही. आणि अळी पडली की कळवा.

"लगेच कळवतो," अण्णा म्हणाले. हे वाक्य मी स्वतः ऐकलं. त्यात काही चुकीचं आहे असं मलाही वाटलं नाही, तिलाही नाही.

रोज संध्याकाळी मी दिव्याखाली बाटल्या फिरवून बघायची. काही नाही. माश्या एकेक कमी होत चाललेल्या. नाझनीनने फोनवर विचारणंच बंद केलं, नुसतं "हं?" म्हणायची आणि मी "नाही गं" म्हणायची.

मग एका सकाळी मी कॉलेजात बाटल्या धूत असताना अण्णांचा फोन आला. आवाज बसलेला.

"बाई, वाईट बातमी हाय. अळी पडली."

मी खालीच बसले. आनंदाने रडू फुटलं. डाळिंबाच्या सालीवर टाचणीएवढं भोक ओळखणारा अण्णांचा डोळा, त्याला सकाळच्या उजेडात दिसलं होतं ते मला दिव्याखाली दिसलं नव्हतं.

"रडू नगा," अण्णा म्हणाले. "लागन पसरू दिली न्हाय मी. अळीच्या तीन बाटल्या तवाच काढल्या. बाकीच्या सगळ्या चांगल्या हायत, येक अळी न्हाय."

"काढल्या म्हणजे?"

"खड्ड्यात टाकल्या की. वर माती लोटली."

त्यांनी असं का केलं, ते डाळिंबवाल्याला सांगायला नको. अळीचं फळ दिसलं की थांबायचं नाही, तोडायचं, खड्ड्यात पुरायचं. बापापासून चालत आलेली शिस्त. जे काही सावरलं होतं ते त्या तीन बाटल्यांत होतं, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे पुरलं होतं. ज्या बाटल्यांत काहीच होणार नव्हतं, त्या एसीत जपल्या होत्या.

नाझनीनला घेऊन मी रिक्षाने निघाले. पोचलो तेव्हा अण्णा पॅकिंगच्या मागं खड्ड्याशी उभे होते. मी त्या घरात भाडेकरू म्हणून आल्यापासून कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला.

"अण्णा, कळवा म्हटलं होतं जी. काढा नव्हतं म्हटलं."

"अळी पडल्यावर कोन कळवत बसतं? मानूस आदी काढतं."

"आम्ही अळीचीच तर वाट बघत होतो."

"अळीची?" अण्णा म्हणाले. "अळीची वाट कोन बगतं, बाई?" आणि मग त्यांना समजलं. त्यांनी धोतर खोचलं, खोरं घेतलं आणि स्वतः खड्ड्यात उतरले.

खड्ड्यात कुजकी डाळिंबं, आणि त्यावर रानातल्या चिलटांचा ढग. लाल डोळ्यांची, साधी, फुकटची. पहिली बाटली फुटलेली निघाली. दुसरीचा बोळा गळून आत रस भरलेला. तिसरी शाबूत होती. बोळा जागेवर, पण रसाने भिजलेला. आत अळ्या हलत होत्या. नाझनीनने ती ओढणीत गुंडाळली आणि पळतच एसीत नेली.

मग तिने मला विचारलं ते मी तिला विचारणार होते. "मावशी, ओल्या बोळ्यातून रानातलं एखादं आत शिरलं असेल तर?"

तसं एक जरी चिलट शिरलं असेल तर अबोली संपली. आणि ते कळायचं एकच साधन होतं, अळ्यांचे कोष होऊ द्यायचे, माश्या निघू द्यायच्या आणि डोळे बघायचे. लाल निघाला की आशा संपली.

ते दिवस अण्णांनी जसे काढले तसे मी कुणाला काढताना पाहिलं नाही. बाटलीपाशी कुणाला जाऊ देईनात. सिद्राम चौकशीला आला तर त्याला दारात विचारलं, "खिशात उदबत्ती न्हाय न्हवं?" ती गोष्ट मीच सांगितली होती. काकूंनी पावडरचा डबा हलवून बाटलीला जागा मोठी करून दिली. नाझनीन सकाळी यायची, बसायची, जायची.

कोष काळे पडले तेव्हा उद्या निघणार हे समजलं. सकाळी सगळे त्या खोलीत. पहिली माशी काचेवर चढली, पंख अजून चुरगळलेले. नाझनीनने भिंग माझ्या हातात दिलं. "तुम्ही बघा मावशी. माझ्याने नाही होत."

अण्णांनी बाटली धरली.

"लाल हाय का?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. पुन्हा बघितलं. "अबोली," मी म्हटलं.

नाझनीनने भिंग ओढून घेतलं. दुसरी निघाली, तिसरी निघाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी निघालेल्या सगळ्या तिने बघितल्या. एकही लाल नाही. काकूंनी साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि मग म्हणाल्या, "आता माजी खोली मोकळी करा."

पुढं नव्या इन्क्युबेटरमध्ये तिची शेवटची जोडी लागली, काम पूर्ण झालं. आता ती दुसऱ्या शहरात शिकवते आणि अबोलीची एक प्रत तिच्याकडं, एक आणखी तिसऱ्या ठिकाणी आहे. मी निवृत्त झाले. ऐकते की माश्यांचं खाणं आता तयार पिठाचं येतं, पाण्यात कालवलं की झालं. ढवळायला कुणी लागत नाही. बरंच झालं म्हणायचं, पण ते बुडाला लागत असणार, मला खात्री आहे.

अण्णांना मात्र मी निवृत्त झाले हे पटत नाही. माल निवडताना कुणाला फळात अळी सापडली की काम थांबतं आणि माझ्या दारात हाक येते, "बाई, अळी पडली. तुमची का आमची, तेवढं बगून जावा."

मी वैतागते. दर वेळी सांगते, अण्णा, ती तुमचीच जी, माझी डाळिंबात कशाला येईल. ते ऐकत नाहीत. मी चष्मा लावते, चप्पल घालते, जाते. एकदाही माझी निघालेली नाही. पण मी बघितल्याशिवाय खड्ड्यात काही टाकायचं नाही, असा त्यांनी नियमच केला आहे, आणि मी पोचेपर्यंत ते हातात फळ धरून उभे असतात.